थेंबेकाकांचा हात

थेंबेकाकांचं आडनाव थेंबे नाही, हे संस्थेतल्या निम्म्या लोकांना आजही ठाऊक नाही. कुरियरवाला पाकिटावर तेच लिहून आणतो, दारावरचा पहारेकरी वहीत तेच लिहितो, आणि एकदा नवं ओळखपत्र छापून आलं तर त्यावरही तेच होतं. काकांनी ते बदलून घेतलं नाही. "तेहेतीस वर्षं थेंबच तर टाकतोय," म्हणाले, "खोटं काय आहे त्यात?"

थेंब म्हणजे आपण डोळ्यांत घालतो त्या औषधाचा थेंब नव्हे. काकांच्या मते तो पूर. त्यांचा थेंब दोन मायक्रोलिटरचा, मोहरीच्या दाण्याएवढा. पिपेट नावाच्या जाडजूड पेनासारख्या उपकरणाने तो एका नळीतून उचलायचा आणि दुसऱ्या नळीत सोडायचा. उचलताना बुडबुडा आला किंवा सोडताना थेंब टोकालाच चिकटून राहिला, की दोन दिवसांची मेहनत पाण्यात. आणि त्या थेंबात असायची अँटिबॉडी.

ती कशाची, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी अडखळायला नको. आपल्या पेशींमध्ये बारीक धाग्यांचे रस्ते असतात आणि त्यांवरून डायनीन नावाची एक मोटर माल वाहून नेते. ही मोटर एकटी फारशी कामाची नाही. तिला माल धरून द्यायला डायनॅक्टिन नावाचा जोडीदार लागतो, आणि तो बऱ्याच तुकड्यांचा बनलेला असतो. त्यातल्या एका तुकड्यावर काकांच्या प्रयोगशाळेचा सगळा संसार चालायचा. आता हा तुकडा काही डोळ्यांना दिसत नाही, म्हणून अँटिबॉडी. ती नेमकी त्याला ओळखते आणि त्यालाच जाऊन चिकटते. पेशींचा रस एका पांढऱ्या पडद्यावर उतरवायचा, पडदा दुधात भिजवायचा, अँटिबॉडी घालायची, धुवायचा. मग दुसरी अँटिबॉडी घालायची. ती पहिलीला जाऊन चिकटते, आणि तिला प्रकाश पाडणारं एक एन्झाइम बांधलेलं असतं. पुन्हा धुवायचं आणि पडदा कॅमेऱ्याच्या पेटीत ठेवायचा. सगळं नीट जमलं असेल तर चित्रात एक काळी पट्टी उमटते.

दूध म्हटलं की नवे विद्यार्थी हमखास हसतात. पण ते खरंच दूध असतं, दुधाची पावडर बफरमध्ये, म्हणजे एका खारट पाण्यात कालवलेली. पडद्याच्या रिकाम्या जागा दुधाने भरल्या की अँटिबॉडी भलतीकडे जाऊन बसत नाही. काका ते दूध घुसळायचे ते इतकं मन लावून की मॅडम म्हणायच्या, "काका, लोणी येईल आता."

मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्या आल्या तेव्हा काकांची इथे वीस वर्षं झाली होती, त्यामुळे मॅडम रागावल्या तरी जरा जपूनच रागावायच्या. काकांच्या पट्ट्या पट्टीने आखल्यासारख्या सरळ यायच्या. चार मजल्यांवरून लोक बघायला येत आणि वर, "काका, तुम्ही पेनानं काढता की काय?" असं विचारून चिडवत. काकांना हे फार आवडायचं. आवडतं हे ते कुणाला कळू द्यायचे नाहीत, आणि ते सगळ्यांना कळायचं.

तर असा हा माणूस, आणि वर्षभरापूर्वी त्याच्या उजव्या हाताचा अंगठा हलायला लागला.

आधी अंगठा, मग मनगट. फार नाही, पण कप बशीवर वाजावा इतका. काकांनी बशीच बंद केली. पिपेट हातात घेतलं की कुणी जवळ नाही ना, हे आधी बघू लागले. डॉक्टरने तपासून सांगितलं, "वयानं होतं असं काहींना. घाबरण्यासारखं काही नाही." काकांनी हे घरी सांगितलं नाही, लॅबमध्ये तर नाहीच नाही. निवृत्तीला दोन वर्षं होती. तेवढी कशीबशी निभावून न्यावीत, एवढंच त्यांच्या मनात होतं.

घरी वेगळीच पंचाईत. काकू शिवणकाम करायच्या. पुढच्या खोलीत खिडकीपाशी मशीन, बाजूला कापडांचा ढीग. लग्न झाल्यापासून सुईत दोरा ओवायचं काम काकांचं. "तुमचा हात लॅबचा," असं म्हणून काकूंनी ते पहिल्याच महिन्यात गळ्यात मारलं होतं. आता काकूंनी सुई पुढे केली की काकांचा चष्मा लॅबमध्ये राहिलेला असे, किंवा फोन आलेला असे, किंवा नळ चालू राहिलेला असे.

आणि मग पट्टी गेली.

एका गुरुवारी चित्र काढलं तर पडदा कोरा. पुढच्या आठवड्यात पुन्हा कोरा. काकांनी पेशींचा रस तपासला, ठीक. लाल रंगाने पडदा रंगवून पाहिला, प्रथिनं सगळी जागच्या जागी. कॅमेरा ठीक. तिसऱ्यांदा कोरा आल्यावर मॅडम म्हणाल्या, "अँटिबॉडी मेली असेल काका. जुनी झालीय ती."

या सगळ्यात जीव टांगणीला लागला होता तो नवीचा. नवी म्हणजे मॅडमची संशोधक विद्यार्थिनी. दुसऱ्या संस्थेतून येऊन तिला आठ महिने झाले होते, पण तिच्यानंतर कुणी आलं नाही म्हणून ती नवीच राहिली. तिचा निबंध परीक्षकांनी परत पाठवला होता, डायनॅक्टिनच्या त्या तुकड्याचं एक चित्र हवं म्हणून, आणि महिनाअखेरीची मुदत दिली होती. पोरगी गुणाची. कामाला वाघ, बोलायला मुकी. काकांचं काम बघावं म्हणून ती टेबलाशी येऊन उभी राहायची आणि काका काहीतरी निमित्त काढून तिला वाटेला लावायचे. "जरा बर्फ घेऊन ये." बर्फ येईपर्यंत थेंब पडून गेलेला असे. एकदा तीच म्हणाली, "काका, बफर तरी मी करत जाऊ का? मला शिकायचंय." काकांनी हो म्हटलं. बफर म्हणजे शेवटी मीठ-पाणी, त्यात काय शिकायचं न् काय बिघडायचं. तेव्हापासून वीस लिटरचा कॅन तिने भरायचा, अशी वाटणी झाली.

मॅडमनी कंपनीकडून अँटिबॉडीची नवी कुपी मागवली. शुक्रवारी ती बर्फात बसून आली. आल्या आल्या काकांनी ती वापरली, श्वास रोखून, नवीला दोनदा बर्फ आणायला पाठवून. संध्याकाळी तिघं कॅमेऱ्याच्या पेटीसमोर उभे राहिले. चित्र नुकत्याच रंगवलेल्या भिंतीसारखं कोरं होतं.

रस ठीक, कॅमेरा ठीक, अँटिबॉडी तर कोरी करकरीत. मग राहिलं काय? थेंब टाकणारा हात. काकांनी तो नकळत खिशात घातला.

"सोमवारी विजेच्या कामासाठी संस्था बंद आहे," मॅडम म्हणाल्या. "मंगळवारी आपण बोलू, काका."

बोलायचं काय ते काकांना माहीत होतं. मॅडमना बोलायला लागू नये म्हणून तर त्यांनी तीन आठवड्यांपूर्वीच पत्र लिहून ठेवलं होतं. 'प्रकृतीच्या कारणास्तव मुदतीआधी निवृत्त होऊ इच्छितो.' चांगल्या जाड कागदावर, सुवाच्य अक्षरात. (अक्षर सुवाच्य यायला चार कागद फुकट गेले, ते वेगळं.) ते पत्र शर्टाच्या खिशात असायचं. शर्ट बदलला तरी असायचंच. आपणच सवयीने ठेवत असू, असं काकांना वाटायचं.

तीन दिवस कसे गेले ते विचारू नका. रविवारी तर घरचीही वीज दिवसभर गेली. चार वाजता काकूंनी पातेल्यावरचं झाकण काढलं आणि नाक मुरडलं.

"सकाळचं दूध, बघा, नासलं. आता प्या काळा चहा."

"पिऊ," काका म्हणाले.

"एवढ्या लगेच ऐकायची सवय नाही मला. बरं नाही का?"

"बरं आहे की."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, पण पुढे काही विचारलं नाही. दोघांनी काळा चहा प्यायला आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

मंगळवारी काका आठ वाजताच लॅबमध्ये पोचले. मॅडम अकराला येत. पत्र द्यायच्या आधी टेबल आवरून ठेवावं, मागून येणाऱ्याने नावं ठेवू नयेत, एवढाच हेतू. त्यांनी नळ्यांचे स्टँड लावले, पिपेटं पुसून ओळीने टांगली. मग त्यांना बेसिनजवळ एक काचेचा चंबू दिसला. शुक्रवारचं दूध. त्या गडबडीत तसंच राहून गेलेलं.

काकांनी तोंड वाकडं केलं. चार दिवसांचं दूध, तेही बंद खोलीत, पंखा नाही की काही नाही. एका हाताने नाक दाबून त्यांनी चंबू बेसिनवर तिरका केला. दूध पातळ, सरसर वाहिलं. गाठ नाही, गुठळी नाही. काकांनी चंबू पुन्हा सरळ केला. नाकावरचा हात काढला. वास घेतला. काही नाही. चंबू नाकाशी नेऊन परत घेतला. शुक्रवारी कालवलं होतं तसंच ताजं दूध.

घरचं दूध सकाळचं दुपारी नासलं. हे चार दिवस उभं होतं आणि ठणठणीत.

काका तसेच चंबू धरून स्टुलावर बसले. दूध नासत नाही म्हणजे त्यात जंतू वाढत नाहीत. जंतू वाढत नाहीत म्हणजे त्यांना वाढू न देणारं काहीतरी त्यात आहे. पावडरीत तर ते नसतं. मग राहिला बफर. ते उठले आणि औषधांच्या कपाटाकडे गेले. अझाइडची बाटली नेहमी मागच्या रांगेत, डाव्या कोपऱ्यात असे. ती पुढे होती आणि अर्ध्याहून रिकामी झाली होती.

द्रावण टिकावं म्हणून अझाइडचा कण टाकायची पद्धत जुनीच आहे. अँटिबॉडीच्या कुपीतही ते चिमूटभर असतं. पण दुसऱ्या अँटिबॉडीला जे एन्झाइम बांधलेलं असतं, त्याच्या ते मुळावरच येतं. अँटिबॉडी जाऊन बसते, तुकडा ओळखते, सगळं करते, फक्त दिवा लागत नाही. तेहेतीस वर्षांत आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला काकांनी पहिल्याच आठवड्यात शेजारी बसवून बजावलं होतं, "हे औषध या बफरच्या आसपाससुद्धा फिरकू द्यायचं नाही." प्रत्येकाला. एका नवीला सोडून. कारण तिला शेजारी बसवलं असतं तर हात दिसला असता.

काकांना हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही आवरून त्यांनी आधी बाही वर सरकवली. पट्टी दिसेपर्यंत कशालाच अर्थ नव्हता.

नवी साडेनऊला आली तेव्हा काका नवा बफर ढवळत होते.

"काका, कॅन भरलेला आहे की."

"असू दे. शुक्रवारचा अर्धा पडदा फ्रिजमध्ये ठेवलायस ना कोरा, अँटिबॉडी न लावलेला? तो आण."

"पण मॅडम म्हणाल्या होत्या आज..."

"मॅडमशी मी संध्याकाळी बोलतो. तू पडदा आण. आणि बर्फ नको आणूस. इथेच थांब."

ती थांबली. काकांनी पडदा दुधात भिजवला, तासाभराने बाहेर काढला. मग जुन्याच अँटिबॉडीची, मेलीय म्हणून बाजूला टाकलेली कुपी उघडली आणि पिपेट हातात घेतलं. नवी शेजारी, हातभर अंतरावर. अंगठा हलत होता. तिच्यादेखत हलत होता. काकांनी टोक नळीच्या आतल्या काठाला टेकवलं, नेहमी टेकवत तसं, आणि हात थांबला. मोहरीएवढा थेंब अलगद खाली गेला.

पुढचे तास जाता जाईनात. थंडीत रात्रभर ठेवायची अँटिबॉडी काकांनी घाई म्हणून दोन तास बाहेरच हलवत ठेवली. मॅडम अकराला आल्या, दारातून डोकावल्या, काकांच्या चेहऱ्याकडे बघून काही न विचारता आपल्या खोलीत गेल्या. धुणं, दुसरी अँटिबॉडी, पुन्हा धुणं. साडेचारला काकांनी पडदा कॅमेऱ्याच्या पेटीत ठेवला आणि नवीला म्हणाले, "तू दाब बटण."

चित्र हळूहळू उजळतं. आधी नुसती राख, मग कडा. आणि मग मधोमध, जिथे असायला हवी तिथेच, पट्टी. काळीभोर. पट्टीने आखल्यासारखी.

काकांचा जीव भांड्यात पडला. हात शाबूत होता. पाच आठवडे ज्याला ते मनातल्या मनात निरोप देत होते, तो हात शाबूत होता, आणि ती कुपीसुद्धा जिवंत होती. त्यांना मोठ्यांदा ओरडावंसं वाटलं, पण तसं काही न करता त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला आणि पुन्हा लावला.

नवी मात्र पट्टीकडे बघत नव्हती.

"बफर होता ना?" ती म्हणाली. "माझा."

"अझाइड घातलंस त्यात."

"आधीच्या लॅबमध्ये आम्ही घालायचो. तिथे एन्झाइम नव्हतं, रंगानं बघायचो. मला वाटलं, इथेही चालेल." तिने कॅनकडे पाहिलं. "पाच आठवडे, काका. सगळ्यांना वाटलं..."

"अगं, पण घातलंस कशाला? दर सोमवारी नवा करतो की आपण."

ती खाली बघत म्हणाली, "आधी तुम्ही दर सोमवारी तो कॅन उचलायचात. भरून खाली ठेवलात की हात किती तरी वेळ कापायचा तुमचा. मग तुम्ही तो खिशात घालायचात. म्हटलं, टिकेल असा एकदाच करून ठेवावा, म्हणजे मी नसले तरी तुम्हाला उचलायला नको."

काका बघतच राहिले. "तुला माहीत होतं?"

"पहिल्या आठवड्यापासून. बर्फ आणायला पाठवायचात, तेव्हा दाराच्या काचेतून दिसायचं."

"आणि मॅडमना?"

"मला वर्षभरापासून माहीत आहे," मॅडम दारातून म्हणाल्या. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या, कळलंच नव्हतं. त्यांनी आधी चित्र पाहिलं, डोळे मिटून एक लांब श्वास सोडला, आणि मग म्हणाल्या, "थेंब सुटताना नाही हलत तो. बाकीच्या वेळी कितीही हलू दे. मी आज काय बोलणार होते माहितीय? वीस लिटरचा कॅन तुम्ही उचलायचा नाही, आणि या मुलीला टेबलाशी बसवून शिकवायचं. तुम्ही तिला सारखं हाकलता, अशी तक्रार आहे."

"मी तक्रार नाही केली," नवी घाईघाईने म्हणाली.

"माझी तक्रार आहे," मॅडम म्हणाल्या.

काकांनी मान हलवली. तिला रागवावं असं त्यांच्या मनात क्षणभरही आलं नाही. सांगायचं ते आपणच सांगितलं नव्हतं, आणि का नव्हतं, तेही आता तिघांना ठाऊक होतं. त्यांनी कॅनवरची चिठ्ठी फाडली, तो वापरायचा नाही म्हणून बाजूला ठेवायला लावला आणि म्हणाले, "उद्या नऊला ये. स्टूल आण तुझं."

घरी पोचले तेव्हा ऊन अजून होतं. काकू मशीनवर होत्या. कुणाच्या तरी लहानग्याचा शर्ट चालला होता. काकांनी चप्पल काढता काढता सगळं सांगून टाकलं. दूध, अझाइड, पट्टी, हात, डॉक्टर, वर्षभराचं सगळं एका दमात. काकूंनी मशीन थांबवलं नाही. मग दोरा संपला तेव्हा थांबवलं, आणि सुई काकांपुढे धरली.

काकांनी मनगट मशीनच्या कडेला टेकवलं. पहिल्यांदा दोरा हुकला. दुसऱ्यांदा गेला.

"बरं झालं बाई," काकू म्हणाल्या. "किती महिने माझी मीच ओवतेय." आणि मग हात पुढे केला. "तो खिशातला कागद द्या इकडे."

"कसला कागद?"

"चांगला जाड आहे. या पोराच्या कॉलरचा साचा होईल त्याचा."

काकांनी पत्र काढून दिलं. काकूंनी ते उघडलंही नाही. घडी तशीच ठेवून वर खडूने कॉलर आखली आणि कात्री चालवली.

"तू वाचलंस हे?" काकांनी विचारलं. "कधी?"

"तीन आठवडे झाले. शर्ट धुवायला घेताना." कात्री गोलाईवरून सावकाश फिरत होती. "तुम्ही एकदा तरी दुसऱ्या शर्टात घातलंत का ते? रोज सकाळी मीच ठेवत होते. म्हटलं, द्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण हरवलं असं व्हायला नको."